थोरलीची मुदत

“आई, तू दर मंगळवारी गाडीत बसून कोणाशी भांडतेस?”

प्रश्न माझा नव्हता. बुशरा आणि ईश्वरीने तो मला वहीच्या कागदावर लिहून दिला होता. पोळ्या लाटणाऱ्या आईला मी तो मोठ्याने, एका दमात, मागाहून ‘असंच गं’ न म्हणता विचारायचा होता. मी नियम पाळतेय की नाही हे ऐकायला दोघी आमच्या दाराबाहेर उभ्या होत्या. हॉलमध्ये बाबांची दहावीची शिकवणी चालायची, म्हणून दाराबाहेर वीसेक पोरांच्या चपलांचा ढीग असायचा. त्या ढिगावरच त्या उभ्या होत्या.

ही दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी आठवीत होते. आता दहावीत मला दिवसातून चार वेळा ‘गांगुर्डे, पुरे’ असं ऐकावं लागतं, पण तेव्हा मी हजेरीला ‘हजर’ इतकं हळू म्हणायचे की आमच्या मोरे बाईंनी दोनदा मला गैरहजर लावलं होतं. मी पहिल्या बाकावर बसून ते बघत राहिले होते.

त्याच मोरे बाईंनी गॅदरिंगच्या सूत्रसंचालनासाठी नावं मागितली होती. मुदत सोमवारपर्यंत. मला ते करायचं होतं. इतकं करायचं होतं की बाथरूममध्ये नळ सोडून, पाण्याचा मग माइकसारखा तोंडापुढे धरून, दीपप्रज्वलनापासून आभारापर्यंत सगळं माझं शंभरदा म्हणून झालं होतं. पण नाव द्यायला हात वर करावा लागतो, आणि माझा हात कानापर्यंत जाऊन केस नीट करून खाली यायचा.

हे ईश्वरीच्या लक्षात आलं. मग तिने आणि बुशराने माझ्यासाठी एक कोर्सच काढला. रोज एक माणूस, रोज एक प्रश्न, चिठ्ठी त्या देणार, विचारायचं मी. सोमवारी पेरूवाल्याला विचारायचं होतं की कालचे पेरू आणि आजचे पेरू वेगळे ठेवता का. मंगळवारी ग्रंथालयाच्या सरांना, की चांगल्या पुस्तकांच्याच कपाटाला कुलूप का. बुधवारी आई.

हा प्रश्न त्यांना सुचला कारण आम्ही संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बॅडमिंटन खेळायचो. पाण्याच्या टाकीशेजारी आमची राखाडी गाडी उभी असायची, आणि दर मंगळवारी सहाला आई कामावरून येऊन वर न येता त्या गाडीतच बसून राहायची. काचा वर. मोबाइल स्टीअरिंगला टेकवलेला. आतला आवाज येत नसे, पण हातवारे दिसायचे. कधी ती स्टीअरिंगवर थाप मारायची, कधी डोळे पुसायची, आणि एकदा तर इतकी हसली की गाडी हलली. ईश्वरीचं म्हणणं, काकू नाटकात काम करतायत. बुशराचं म्हणणं, काकूंचं कोणाशी तरी कडाक्याचं भांडण आहे आणि ते हप्त्याहप्त्याने चाललंय.

आईने पोळी तव्यावर टाकली. मला वाटलं आता उलथनं फिरेल. ती म्हणाली, “भांडत नाही, बोलते. आणि बाहेरच्या दोघींना आत बोलव. पोरांच्या चपला चपट्या होतील.”

दोघी आत आल्या. आईने तिघींना गरम पोळीवर तूपसाखर दिली आणि ‘माझ्या मनाच्या डॉक्टर आहेत, नागपूरला असतात, फोनवर भेटतात’ असं ‘दूधवाला उद्या येणार नाही’ म्हणावं तितक्या सहज सांगून टाकलं. बुशराचा घास हातातच राहिला. तिला भांडण हवं होतं.

त्या गेल्यावर आईने मला ओट्यावर बसवलं आणि बाकीचं सांगितलं.

आई मेटलर्जी शिकलेली इंजिनिअर आहे. अंबडच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे, तिथे गाड्यांच्या ब्रेकचे ओतीव भाग बनतात, आणि ते नीट बनलेत की नाही हे तपासणाऱ्या विभागात ती सोळा वर्षं होती. मीटिंग असली की सकाळी तिच्या पोटात चहा ठरत नाही, हे मला माहीत होतं. मी समजत होते की तिला पित्ताचा त्रास आहे. ते पित्त नव्हतं. छाती इतकी धडधडायची की समोरच्याला ऐकू जाईल असं तिला वाटायचं, तळहात भिजायचे, तोंडपाठ आकडे जिभेवरून गळून पडायचे.

“कशाला घाबरतेस पण? तुला तर सगळं येतं,” मी म्हणाले.

“येतं गं. पण आमच्या घरात अशा खुर्चीवर बसलेली मी पहिलीच. बाकीच्यांचे काका-मामा अशाच खुर्च्यांवर बसून रिटायर झालेत. ते बिनधास्त चुकतात. मला वाटतं, मी एकदा जरी चुकले तर कोणीतरी म्हणणार, बघा, आम्हाला वाटलंच होतं.”

या नागपूरच्या डॉक्टरांच्या, म्हणजे वासनिक मॅडमच्या, आधी तिने नाशिकमधल्याच एका बाईंना दाखवलं होतं. त्या चांगल्या होत्या, पण आईने काही सांगितलं की त्या विचारायच्या, अजूनही असं असतं का हो? मग अर्धा तास त्यांना पटवण्यातच जायचा आणि धडधड तशीच घेऊन आई घरी यायची. नंतर मामाने वासनिक मॅडमचा नंबर दिला. आपल्या समाजातल्या, घरात पहिल्यांदाच ऑफिसर, डॉक्टर, प्राध्यापक झालेल्या माणसांशी त्या ऑनलाइन बोलायच्या. पुण्यातले, दिल्लीतले, एक तर जर्मनीत बसलेला. “त्यांना काही पटवावं लागत नाही,” आई म्हणाली. “मी ‘फाइल’ म्हटलं की त्या म्हणतात, ‘बाप्पा, तुमचीबी फाइल हाय का?’ आणि आम्ही हसत सुटतो.”

फाइल म्हटल्यावर मीही हसले, कारण ती फाइल आमच्या घरात माणसासारखीच होती.

हिरवी, जाड, दोन्हीकडून रबर लावलेली. आई जिथे जाईल तिथे ती जायची. कारखान्यात रोज, लग्नाला, महाबळेश्वरला, मला टायफॉइड झाला तेव्हा दवाखान्यातसुद्धा. गाडीत ती पुढच्या सीटवर बसायची आणि मी मागे. बाबा तिला ‘थोरली’ म्हणायचे. “थोरलीला घेतलंस का?” असं विचारल्याशिवाय आईला निघू द्यायचे नाहीत. मी धाकटी. तिच्यात काय आहे हे मी कधी बघितलं नव्हतं. ऑडिटचे कागद असतील असं आपलं धरून चालले होते.

ऑडिट हा शब्द आमच्या घरात मला चालता येण्याआधीपासून होता. आईने ऑडिटची शिस्त घरालाही लावली होती. कुठलाही कागद किती वर्षं जपायचा याची कारखान्यात मुदत ठरलेली असते, तिला रिटेन्शन पिरियड म्हणतात. त्यावरून आईने घरातही मुदती ठरवल्या होत्या. फ्रिजमधल्या डब्यावर चिकटपट्टी, ‘आमटी, दोन दिवस’. माझ्या वह्या दोन वर्षं, लाइटबिल तीन वर्षं, लग्नपत्रिका लग्न होईपर्यंत. दुसरा नियम असा, की ऑडिटरने मागितलं तेवढंच दाखवायचं. न मागितलेला कागद टेबलावर आला की तो ऑडिटचा झाला. परत उचलता येत नाही. हा नियम मी पाहुण्यांसमोर प्रगतिपुस्तकाच्या बाबतीत पाळायचे.

आणि येत्या शनिवारी साधं ऑडिट नव्हतं. ज्या कंपनीला हे भाग जातात, तिचे चेन्नईचे वरदराजन साहेब येणार होते. त्यांनी आधी दोन कारखान्यांचा माल बंद केला होता. आईच्या विभागाच्या प्रमुखाची खुर्ची सहा महिने रिकामी होती, काम आईच करत होती, पण नाव लागलं नव्हतं. कारखान्याचे मोठे साहेब, नाईक, म्हणाले होते की हे ऑडिट कसं पार पडतं बघू आणि मग ठरवू. म्हणजे वरदराजन साहेबांच्या प्रश्नांपुढे आईची जीभ चालली तर खुर्ची तिची, नाही तर बाहेरून कोणी आणणार.

शनिवारी सकाळी आई निघाली तेव्हा मी झोपले होते. दुसरा शनिवार, शाळेला सुट्टी. साडेनऊला उठून बाहेर आले तर बाबा शिकवणीच्या पहिल्या बॅचला वर्गमुळं शिकवत होते, आणि चपलांच्या स्टँडवर, आईच्या घरातल्या स्लिपरशेजारी, थोरली बसली होती.

सोळा वर्षांत न विसरलेली फाइल, आणि नेमकी आज. बाबांना खुणावलं तर त्यांनी हाताने ‘नंतर’ केलं. त्यांना वाटलं मला पॅटीससाठी पैसे हवेत. आईला फोन लावला, बंद. ऑडिटच्या खोलीत फोन बंद ठेवायचे हेही मला माहीत होतं. मग मी जास्त विचार केला नाही. केला असता तर गेलेच नसते. सायकल काढली, खालच्या मजल्यावरून बुशराला तिच्या सायकलसकट उचललं, थोरलीला दप्तरात घातलं आणि आम्ही अंबडच्या रस्त्याला लागलो.

बुशरा सगळा रस्ता म्हणत होती, एकदा उघडून तर बघू. मी नाही म्हटलं. ती म्हणाली, तुझी बहीण आहे, तुला हक्क आहे.

कारखान्याच्या फाटकावरच्या काकांनी आम्हाला थांबवलं. आज आत कोणाला सोडायचं नाही, द्या इकडे, मी पोचवतो, असं ते म्हणाले. आजपर्यंत मला कोणी ‘नाही’ म्हटलं की मी ‘बरं’ म्हणून वळत असे. त्या दिवशी माझ्या तोंडून निघालं, “काका, ही फाइल माझ्या आईने माझ्या बाबांच्या हातातसुद्धा कधी दिली नाही. तुमच्या कशी देऊ?” बुशरा माझ्याकडे बघत राहिली. काकांनी मिशीतल्या मिशीत हसून रजिस्टर पुढे केलं. नाव, वेळ, कोणाला भेटायचं. ‘सोबत आणलेल्या वस्तू’ या रकान्यात मी लिहिलं, फाइल एक. बुशराला त्यांनी सायकलींपाशी बसवलं आणि मला आत सोडलं.

आत रिसेप्शनच्या ताईंनीही तेच सांगितलं, मीटिंग चालू आहे, इथे ठेव. पण डाव्या हाताला काचेचं दार होतं आणि दारातून मला आई दिसत होती. ती फळ्यापाशी उभी होती आणि मागे वळून काहीतरी लिहीत होती. बिचारी, फाइलशिवाय. ताई फोन घ्यायला वळल्या आणि मी दार ढकललं.

लांब टेबल, सहा-सात माणसं, सगळी माझ्याकडे बघायला लागली. नेहमीची मी असते तर तिथेच विरघळले असते. मी म्हणाले, “आई, तू फाइल विसरलीस.” बाथरूममध्ये नळाच्या वर आवाज काढायची सवय होती म्हणून असेल, खोली दणाणली.

आणि दाराच्या सगळ्यात जवळ जी जागा दिसली तिथे, टेबलावर, मी थोरलीला ठेवलं.

ती जागा वरदराजन साहेबांच्या पुढ्यात होती. बारीक अंगाचे, पांढऱ्या केसांचे, पुढ्यात नुसत्या गरम पाण्याचा पेला. त्यांनी फाइलकडे बघितलं, मग आईकडे. ते हिंदी-इंग्रजी मिसळून बोलायचे, मी मराठीत सांगते. त्यांनी विचारलं, “हे कसलं रेकॉर्ड?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की न मागितलेला कागद मी टेबलावर ठेवलाय.

आईच्या हातात मार्कर होता. तिने आधी टोपण लावलं. तिचा चेहरा मी आजही विसरलेले नाही, कारण तो घाबरलेला नव्हता. पळत येऊन बस चुकते आणि मग माणूस सावकाश चालायला लागतो, तसा होता. टेबलाच्या टोकाला बसलेले नाईक साहेब, पोट सुटलेले आणि हसतमुख, म्हणाले, “काही नाही सर, मॅडमची मुलगी आहे, घरगुती काहीतरी असेल.” आईला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं. मी हात पुढे करून फाइल उचललीही असती.

“घरगुती नाही,” आई म्हणाली. “माझं रेकॉर्ड आहे, सर. बघायचं असेल तर बघा.”

वरदराजन साहेबांनी रबर काढलं.

मला कोणीतरी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं, तिथून मला एक-एक पान दिसत होतं. ऑडिटचा एकही कागद नव्हता. दहावीची गुणपत्रिका. बारावीची. इंजिनिअरिंगची डिग्री. विद्यापीठात पहिली आल्याचं सुवर्णपदकाचं प्रमाणपत्र. शाळा सोडल्याचा दाखला. जातीचा दाखला. जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र. प्रत्येकाच्या मागे तीन-तीन झेरॉक्स, प्रत्येक झेरॉक्सवर कुठल्यातरी सरकारी साहेबांचा गोल शिक्का आणि सही. इतके शिक्के मी पोस्टातही बघितले नाहीत.

त्या माणसाने काहीही गाळलं नाही. ब्रेकचा भाग तपासावा तसं प्रत्येक पान तपासलं. एका ठिकाणी थांबून म्हणाले, “इथे नाव सुकेशिनी दगडू पगारे आहे. तुम्ही गांगुर्डे.”

“पुढचं पान, सर. लग्नाचं नोंदणीपत्र.”

त्यांनी पुढचं पान काढलं आणि पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा खुलला. “साखळी कुठेही तुटत नाही,” ते म्हणाले. ऑडिटरच्या तोंडून याहून मोठं कौतुक येत नाही, हे मला आईने नंतर सांगितलं.

नाईक साहेब उठून त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होते. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. “गांगुर्डे, तुम्ही गोल्ड मेडलिस्ट? सोळा वर्षांत कधी बोलला नाहीत.”

“दाखवायला आणली होती, सर,” आई म्हणाली. आवाज अगदी साधा, मला ‘डबा घेतलास का’ विचारते तसा. “मी लागून दुसराच महिना होता. तुम्ही मागितली होती. मी आणली तेव्हा तुमचा चहा चालला होता.”

नाईक साहेब हसले. मग त्यांना काहीतरी आठवू लागलं असावं, कारण हसू अर्ध्यावर राहिलं आणि ते आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

वरदराजन साहेबांनी फाइल मिटली, रबर पुन्हा लावलं, दोन्ही बाजूंनी. मग पेल्यातलं गरम पाणी पिऊन त्यांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, जो ते प्रत्येक फाइलनंतर विचारतात.

“या रेकॉर्डची मुदत किती? रिटेन्शन पिरियड?”

आई म्हणाली, “आज संपली, सर.”

“ठीक,” ते म्हणाले आणि त्यांनी थोरली माझ्या हातात दिली. “आता भट्टीच्या तापमानाकडे वळू.”

आई फळ्याकडे वळली आणि बोलायला लागली. भट्टी, वाळू, कार्बनचे टक्के, नाकारलेला माल. मला त्यातलं काही कळलं नाही, पण जीभ कुठे अडली नाही हे कळलं. एका आकड्याला ती चुकली, ‘थांबा, चुकलं’ म्हणाली, पुसून नीट लिहिला आणि पुढे गेली. कोणी म्हणालं नाही, बघा, आम्हाला वाटलंच होतं.

दुपारी बुशरा आणि दोन्ही सायकली कारखान्याच्या टेम्पोतून घरी गेल्या आणि मी आईच्या गाडीत बसले. पुढच्या सीटवर. थोरली मागे.

आईने गाडी सुरू केली नाही. काचा वर केल्या. मला वाटलं आता माझं ऑडिट.

“मी विसरले नव्हते,” ती म्हणाली. “ठेवून आले होते. मुद्दाम. वासनिक मॅडमचा होमवर्क होता. आधी फाइल गाडीत ठेवून ऑफिसात जायचं, ते जमलं. मग आठवड्यातून एकदा, तुम्हाला न कळवता, घरी कपाटात ठेवायची, ते जमलं. आजचा पेपर सगळ्यात मोठा होता. सकाळी दारात दहा मिनिटं उभी होते मी तिला हातात धरून.”

मला कुठे तोंड लपवावं कळेना. दहा मिनिटांत तिने जे कसंबसं खाली ठेवलं होतं ते मी सहा किलोमीटर सायकल मारून तिच्या पुढ्यात नेऊन टाकलं होतं. मी रडायच्या बेतात होते तर ही हसायला लागली. गाडी हलवणारं तेच हसू, फक्त या वेळी मला त्याचा आवाजही ऐकू येत होता.

मग तिने नाईक साहेबांचं सांगितलं. ती नवीन होती, एकवीस-बावीसची. ओतलेल्या भागांत हवेची पोकळी आहे, हा माल पाठवू नका, असं ती भर मीटिंगमध्ये म्हणाली. नाईक तेव्हा सुपरवायझर होते. ते सगळ्यांसमोर म्हणाले, पगारे, तुमची डिग्री नक्की कसली आहे ते एकदा आणून दाखवा बुवा, हल्ली काय, कोणालाही मिळते. सगळे हसले. ती दुसऱ्या दिवशी खरोखर सगळं घेऊन गेली. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, शिक्के मारून, रबर लावून. ते चहा पीत होते. म्हणाले, अहो, गंमत केली. फाइल उघडलीसुद्धा नाही.

“तेव्हापासून मी वाट बघत होते,” आई म्हणाली, “की कधीतरी कोणीतरी मागेल. आणि नेमकी त्याच दिवशी ती घरी असेल तर काय, या भीतीने रोज नेत होते. मॅडम म्हणत होत्या, ठेवून बघा, काही होत नाही. मला ते पटत नव्हतं.”

“मग आज तर मागितलीच त्यांनी.”

“हो ना. सोळा वर्षांनी. घरी ठेवली त्याच दिवशी.” ती पुन्हा हसायला लागली. “आणि तरी काही झालं नाही. बघितली, मिटली, पुढे भट्टी.”

तिने वासनिक मॅडमना आवाजी निरोप पाठवला, सगळी गोष्ट, दोन मिनिटांत, मधे मधे हसत. आम्ही सिग्नलला पोचायच्या आत उत्तर आलं. मी पहिल्यांदाच त्यांचा आवाज ऐकला, जाडसर, मोकळा.

“होमवर्क त फेल झाला न बाई तुमचा. पण मी पैकीच्या पैकी मार्क देऊन राहिली. अन् पोरीले सांगा, पुढच्या टायमाले मले विचारून येत जाय.”

घरी बाबांना अजून काहीच माहीत नव्हतं. शेवटची बॅच नुकतीच गेली होती आणि ते आमटी गरम करत होते. आईने जेवता जेवता सगळं सांगितलं. ऑडिट पास झालं होतं. अहवालात फक्त दोन त्रुटी होत्या. एका वजनकाट्यावर तपासणीचं लेबल नव्हतं, आणि दुसरी अशी की ऑडिट चालू असताना खोलीत बाहेरची व्यक्ती शिरली. ती व्यक्ती मी. माझी त्रुटी म्हणून नोंद झाली आहे, चेन्नईत, कायमची. मी शाळेत हे अजून सांगते. नाईक साहेब निघायच्या आधी एकटे आईच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले होते आणि फक्त ‘सोमवारी तुमच्या नावाची ऑर्डर काढतो’ म्हणाले. आई म्हणाली, चालेल, कागदावर द्या.

मग तिने स्टुलावर चढून माळ्यावरची पेटी काढली, जिच्यात माझा बाळंतविडा आणि त्यांच्या लग्नाचा शालू आहे, आणि थोरलीला त्यात ठेवलं.

“मुदत संपली ना? मग रद्दीत का नाही?” बाबांनी विचारलं.

“वेडे आहात का? ओरिजिनल आहेत.” आईने पेटी लावली. “फक्त आता ती घरी राहील.”

बाबा म्हणाले, सोळा वर्षांनी थोरली एकदाची उजवली, आता धाकटीचं बघायला हवं. आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

माझी छाती धडधडत होती. तळहात ओले झाले होते. आता मला माहीत होतं की ही भीती आहे, पित्त नाही. खालून पार्किंगमधून ईश्वरी आणि बुशरा हाका मारत होत्या. आज चिठ्ठी कोणी दिली नव्हती. मी ताटावरून उठले, हात धुतले, आणि नळ बंद केला.

“मी सोमवारी मोरे बाईंना नाव देणार आहे,” मी म्हणाले. “गॅदरिंगचं सूत्रसंचालन मी करणार. म्हणजे दर गुरुवारी सहा ते सात मला गाडी लागेल. चालवायला नाही, आत बसून बोलायला. मंगळवार आईचा, गुरुवार माझा. आणि कोणी काचेवर टकटक करायचं नाही.”